कळंबच्या जावेचं कोकरू

आता माझ्या लेकीचा, ऋतूचा, पहिला फोन मलाच येतो. पगार वाढला, सर्दी झाली, बंगळुरूच्या खोलीत उंदीर निघाला, काहीही असो, आधी मला. या फोनाची मी किती वर्षं वाट बघितली ते माझं मला ठाऊक. आणि आता तो येतो तेव्हा मनात येतं, दुसऱ्या कुणाला करणार ती? जिला करायची ती तर राहिली नाही.

ती म्हणजे माझी धाकटी जाऊ, अलका. इंदापूर तालुक्यातल्या कळंबची लेक, बारामतीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची, आणि सांगवीत आमच्या घरात माझ्या शेजारी बसून भाकरी थापायची. लोक तिला ‘उपग्रहवाल्या मॅडम’ म्हणायचे. पेपरात तिचा फोटो आला होता, त्यात तिच्या मागं दारात अर्धा चेहरा दिसतो, तो माझा.

मला तिचा हेवा वाटायचा. वाटायचा कशाला म्हणू, अजून वाटतो. माणूस गेल्यावर हेवा जात असेल असं मला वाटलं होतं. जात नाही हो.

मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढचं जे काय आलं ते किराणाच्या पुड्यांचे कागद वाचून आणि गावच्या वाचनालयातलं एकुलतं कपाट उपसून. त्यामुळं माझ्या लिहिण्यात बोलणं घुसतं, ते चालवून घ्या. अलकाचं उलटं. ती एवढी शिकली, पण बोलणं कळंबचंच ठेवलं. तिच्या वर्गातल्या पोरी नक्कल करायच्या, “इलेक्ट्रॉन हितनं निगाला आन् तितं ग्येला.” कुणी हसलं तर म्हणायची, “इलेक्ट्रॉनला माजं कळतंय. तुमाला न्हाय कळलं तर सांगा.”

ठेंगणी होती. साडी घोट्याच्या वर खोचलेली, चालणं म्हणजे पळणंच, आणि अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर. खोटं वाटेल, पण गजऱ्याच्या जागी स्क्रूड्रायव्हर. एकदा हळदीकुंकवाला तशीच गेली. बायका बघत राहिल्या. माझ्या डोक्यात चुकून लाकडाची ढलपी राहिली असती तर वर्षभर पुरली असती त्यांना बोलायला. हिला मात्र कौतुकानं विचारत होत्या, “मॅडम, ह्यो कंचा आकडा म्हनायचा?” तिच्या लग्नातल्या आहेरातला चांदीचा करंडा होता, त्यात बारके बारके स्क्रू. कुंकू ती माझ्या करंड्यातलं लावायची. आणि सगळ्यात वाईट काय, तर भाकरी. माणसाला कुठंतरी उणं असावं ना? हिच्या भाकरीला टम्म पदर सुटायचा.

शीळ घालायची ती. तिच्या वडलांची मेंढरं होती, पोरगी लहानपणी त्यांच्याबरोबर रानोमाळ फिरलेली. शीळ तिथली. आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, पहिल्यांदा ऐकून दचकल्या. “बाईमानसानं शीळ घालू न्हाय, अल्के.” अलका म्हणाली, “आत्याबाई, मेंढराला हाक कळत न्हाय, शीळ कळती.” “हितं कुटं मेंढरं हायती?” “हायती की,” म्हणाली, आणि बोट वर केलं.

तेव्हापासून आमच्या घरात आभाळातली मेंढरं शिरली.

झालं असं. आमच्या मालकांनी घराच्या बांधकामासाठी मापाची लोखंडी टेप आणली होती, बटण दाबलं की सर्रकन आत जाणारी, नवी कोरी. एका रविवारी अलका ती घेऊन ओट्यावर बसली आणि कात्रीनं तिचे तुकडे करायला लागली. माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. म्हटलं, आता घरात रामायण होणार. मालक आले, बघितलं, म्हणाले, “साध्या कात्रीनं न्हाय व्हायचं वैनी, पत्र्याची आणतो.” वैनी! धाकट्या भावाच्या बायकोला कौतुकानं वैनी म्हणायचे ते. माझ्या हातून कपाचा कान उडाला तर तीन दिवस बोलत नव्हते.

त्या तुकड्यांच्या पट्ट्या तिनं एका प्लास्टिकच्या पाइपवर आडव्या बांधल्या. माशाच्या काट्यासारखं दिसायचं ते. तो तिचा अँटेना. गळ्यात एक बारका रेडिओ अडकवायची, गच्चीवर जायची आणि तो काटा आभाळाकडं धरून हळूहळू फिरवायची. मोरगावच्या अंगानं सुरू करून इंदापूरच्या अंगाला न्यायची. मग खरखरीतून एक आवाज यायचा, पिप्, पिप्, पिप्, जसं कुणी लांबून चमचा वाजवतंय.

“कुनाचं हाय ह्ये?” आत्याबाई विचारायच्या.

“कुटल्यातरी परदेशातल्या कॉलेजच्या पोरांचं. चहाच्या डब्याएवढं हाय. आत्ता आपल्या डोक्यावरनं चाललंय.”

कधी ते सकाळी यायचं, कधी दिवेलागणीला. सकाळी आलं तर नेमकं भाकरीच्या वेळी. तव्यावर भाकरी टाकलेली असायची आणि ही उठून पळायची. “अक्का, तेवढी उलटा, आलंच माजं.” मग तिच्या वाटची भाकरी मी उलटायची. आणि आत्याबाई? ज्या आत्याबाईंनी माझी एक भाकरी करपली तर “थोरले, ध्यान कुटं हाय?” म्हणून सगळा वाडा गोळा केला असता, त्या म्हातारी हाडं सावरत जिना चढायच्या, तिच्या डोक्यावर छत्री धरायला. ऊन लागंल म्हणे तिला.

तिला मूल झालं नाही. त्यावरनं घरात एक शब्द कुणी काढला नाही. मला ऋतूनंतर दुसरं झालं नाही, त्याचं मात्र आत्याबाईंनी पंधरा वर्षं काढलं.

तर ऋतू. माझी एकच. लहान असताना माझ्या पदराला धरून फिरायची. आणि मग कधी, कशी, मला कळायच्या आत ती गच्चीवर राहायला लागली. मी खालून हाक मारायची, “ऋतू, कुरडया केल्यात गं.” वरनं उत्तर, “थांब गं आई, काकी सांगतीय.”

काय सांगतीय ते मी जिन्यात उभी राहून ऐकायची. कपडे वाळत घालायचं निमित्त असायचं.

“आदी उपग्रह म्हंजी बैल,” अलका सांगत होती. “ह्यो एवढा. पाळावा तर सरकारनंच. तयारीला वर्सानुवर्सं. आन् बैल मेला की पेरणी बुडाली. आता ही कोकरं निगाली. मोबाइलात असत्यात तसलेच बारके भाग घालून कॉलेजातली पोरंबी करत्यात. शंभर सोडायची. एक मेलं तर कळप थांबत न्हाय.”

“पण वर कशी जात्यात काकी? रॉकेट कुठलं आणायचं पोरांनी?”

“वऱ्हाडात कसं असतं? गाडी नवरदेवाची. पण मागं जागा उरती, तितं आपल्यासारखी दाटीवाटीनं बसत्यात. रॉकेट मोठ्या उपग्रहाचं असतं. उरलेल्या जागेत ही बारकी. नवरदेव उतरला की ही बी टुणकन उतरत्यात.”

ऋतू हसली. मीही जिन्यात हसले. मग माझाच मला राग आला. इतकं सोपं करून सांगायची ती. मला इतकं सोपं कुणी सांगितलं असतं तर मी काय सातवीवर थांबले असते? आणि मी ऋतूला काय सांगायचे? चुलीची राख कशी भरायची, पीठ कसं मळायचं. त्यात तिचे डोळे असे मोठे व्हायचे नाहीत.

तिचं एक बोलणं होतं, “बारकं हाय म्हंजी दुबळं न्हाय.” सगळ्याला लावायची. माझ्या बुटक्या जावेला दुसरं कोणतं बोलणं शोभणार! पण ऋतूनं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. माझी एवढी बोलणी, एक कुठं लिहिलं नाही पोरीनं.

ऋतू बारावीला असताना मी ठरवलं होतं, बारामतीत नर्सिंगला घालायची. दवाखाने आहेत, रोज एसटीनं जाऊन घरी येईल, डोळ्यांसमोर राहील. तेवढ्यात अलका एक दिवस कॉलेजातून पळतच आली. चपला एक इकडं, एक तिकडं. “ऋतू, मंगळाला ग्येली! आपली बारकी, दोनजणी! मोठं यान तितं उतरत हुतं, त्याचा निरोप ह्या दोगींनी हिकडं पोचवला. सुटकेशीएवढ्या न्हवं का गं, आन् मंगळापतूर!”

‘आपली’ म्हणाली. कुणी कुठल्या देशात केलेली, आणि ‘आपली’. दोघी ओसरीवर लहान पोरींसारख्या नाचल्या. ऋतूनं नर्सिंगचं नाव पुन्हा काढलं नाही. काकीच्या कॉलेजात फिजिक्सला जाणार, हे तिनं आधी काकीला सांगितलं, मग आजीला, मग बापाला. मला स्वयंपाकघराच्या खिडकीतनं कळलं. त्या दिवशी माझ्या भाकरीला मात्र पदर सुटला, रागानं थापली असेल.

मग यांच्याच कॉलेजानं उपग्रह करायला घेतला. दहा-बारा पोरंपोरी, अलका पुढं आणि ऋतू तिच्या मागं. वीतभर लांब नाही, वीतभर रुंद नाही, असा एक चौकोनी डबा. त्यात थर्मामीटर, एक इवलासा कॅमेरा आणि पिप्-पिप् करणारा रेडिओ. त्याचे अँटेनेसुद्धा टेपच्या पट्टीचेच, गुंडाळून बांधलेले. आभाळात सुटल्यावर आपोआप ताठ व्हायचे. कागदावर त्याचं काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव होतं. पोरं कोकरूच म्हणायची.

ते निघायच्या आधी कॉलेजात निरोपाचा कार्यक्रम ठेवला. प्रमुख पाहुणे म्हणून तालुक्यातले एक वजनदार आबा. आम्ही घरचे पहिल्या रांगेत. टेबलावर पांढऱ्या कापडावर कोकरू ठेवलेलं. मी बघून ठेवलं होतं की कॉलेजात त्याला हात लावायला पोरं हातमोजे घालतात, केसांवर टोपी घालतात, शिंकतसुद्धा नाहीत. आणि आबा उठले, म्हणाले, “शुभकार्याला निगालंय, असं कोरडं कसं पाठवायचं?” चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू, वर अक्षता, झेंडूचा हार. आणि हार घालून झाल्यावर टेबलाच्या कडेवरच नारळ फोडला. पाणी उडालं ते थेट कोकरावर.

माझा जीव टांगणीला लागला. मी उठून उभी राहिले. “अवं आबा! पाणी!” ओरडलेच मी सगळ्यांदेखत. आबा जरा घाबरले, रुमालानं पुसायला लागले. त्यानं कुंकू आणखीच पसरलं. मी अलकाकडं बघते तर ती हात जोडून शांत उभी. ऋतू खाली बघून ओठ चावतीय. शेजारी आत्याबाईंचा पदर तोंडाला.

घरी आल्यावर कळलं, ते कोकरू नव्हतंच. खरं कोकरू केव्हाच पेटीत बंद होऊन तपासणीला गेलं होतं. हे मापाला मापानं केलेलं पोकळ दुसरं. अलकाला माहीतच होतं की आपल्याकडं हळदकुंकू आणि नारळ टळणार नाही. आबांना नाही म्हणायचं नाही आणि कोकराला पाणी लागू द्यायचं नाही, म्हणून हे पूजेचं कोकरू. ही गोष्ट ऋतूला माहीत, आत्याबाईंना माहीत, पोरांना माहीत. एका मला सोडून.

“मला का न्हाय सांगितलं गं?” मी विचारलं.

“अक्का,” ती म्हणाली, “तुमचा चेहरा खोटं बोलत न्हाय. तुमी अशा घाबरलात म्हणून आबांना पटलं. न्हायतर त्यांनी वळखलं असतं.”

सगळे हसले. मीपण हसले. पण मनात म्हटलं, बघा, हिच्या कामात माझा उपयोग झाला तो घाबरण्यापुरता. ते पूजेचं कोकरू आत्याबाईंनी देवघरात ठेवलं. अजून आहे. फटींत कुंकू तसंच आहे.

मग ते रॉकेट गेलं. कॉलेजात मोठा पडदा लावला होता. धूर, आवाज, टाळ्या. ऋतू काकीच्या गळ्यात. तासाभरानं कळलं, सगळे उपग्रह नीट सुटले. आत्याबाईंनी मांडववाल्याला बोलावणं धाडलं. आमच्या सांगवीच्या घरावर लग्नात करतात तशी रोषणाई केली, गच्चीच्या कठड्यापासून तुळशीपर्यंत लुकलुकणाऱ्या माळा. कॉलेजाच्या इमारतीवरही तशाच. मांडववाल्यानं जोडणी थेट दिलेली, बटणच नव्हतं. भर दुपारीसुद्धा त्या माळा उन्हात लुकलुकायच्या.

आणि कोकरू बोलेना.

पहिल्या दिवशी वाट बघितली. खरखर. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या गच्चीवरच्या मोठ्या अँटेन्यावर बघितलं, खरखर. घरी येऊन हातातला काटा फिरवला, खरखर. अलका शीळ विसरली. चहा गार करून टाकून द्यायची. मग जपानातल्या कुणा म्हाताऱ्याचा निरोप आला. तोही आपल्या घराच्या गच्चीवर असाच काटा घेऊन बसणारा. त्यानं लिहिलं होतं, तुमचं कोकरू मी ऐकलं, छान खणखणीत बोलतंय, अभिनंदन. सोबत आवाजही पाठवला होता. पोरांनी उड्या मारल्या. जिवंत आहे ना, मग झालं!

अलका स्वयंपाकघरात आली आणि पाटावर बसली. मी भाजी निवडत होते.

“अक्का, त्येला ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी आणखी एका परदेशी मानसाला आलं.”

“मग चांगलंच की. बोललं तर खरं कुणाशी.”

“व्हय. पण माज्याशी न्हाय बोललं.” तिनं निवडलेली मेथीची काडी उचलली आणि पुन्हा न निवडलेल्यात टाकली. “म्या वाढवलं. आन् वळख दिली ती कुटल्या कोण मानसाला. मला आनंद व्हायला पायजे. हुईना झालाय. त्या म्हाताऱ्याचा राग येतोय मला. येडी झाले का वो मी?”

काय सांगू तुम्हाला. एवढ्या वर्षांत मला तिच्याबद्दल इतकं जवळचं कधी वाटलं नव्हतं. बरं वाटलं मला. अगदी गार पाणी प्याल्यासारखं बरं वाटलं.

“येडी न्हाय,” मी म्हटलं. “तुला आत्ता कळलं एवढंच.”

तिनं माझ्याकडं बघितलं. हुशार बाई ती, तिला दोनदा सांगावं लागत नव्हतं. बराच वेळ मेथीच्या काड्या मोडत बसली. मग खाली मान घालून म्हणाली, “अक्का, आमच्या कळपात कोकरू दूध कुणाचंबी प्यायचं. दुसरी मेंढी उभी ऱ्हायली की तिला लुचायचं. पण भ्यालं ना, की आपल्या आईच्याच हाकेला पळायचं. म्या कवा चुकताना बघितलं न्हाय.”

मी मनात म्हटलं, बोलणं सोपं आहे. ज्या मेंढीच्या मागं कोकरू आहे तिला सोपंच असतं.

त्याच दिवशी दिवेलागणीला ती पुन्हा गच्चीवर गेली. ऋतू गेली, आत्याबाई गेल्या. मी खाली कणीक मळत होते. वरून तीच खरखर ऐकू येत होती. आणि गेली लाईट! एरवी आमच्याकडं लाईट जायला काही कारण लागत नाही, पण रोषणाई लावल्यापासून ती एकदाही गेली नव्हती, जणू तिलाही कार्यक्रम बघायचा होता. सगळ्या माळा विझल्या. गाव काळोखं झालं. आणि वरून, रेडिओ बॅटरीवरचा होता ना, वरून आवाज आला, पिप्, पिप्, पिप्.

अलका किंचाळली. मग तिचा हात कपाळावर मारल्याचा आवाज मला खाली आला. “आगं माज्या कर्मा! ह्या माळा! ह्या माळाच खरखरत हुत्या. वर्गात मीच शिकवते की गं ह्ये, स्वस्तातल्या दिव्यांनी रेडिओ बिघडतो म्हणून! ऋतू, कॉलेजात फोन लाव, म्हणावं आदी लायटिंग उतरवा!”

आत्याबाई विचारत होत्या, “म्हंजी माज्या लायटिंगनं झालं?” आणि अलका हसत हसत सांगत होती, “न्हाय वो, आनंदानं झालं. आनंद जास्त झाला.” मग म्हणाली, “वायरमनला पेढे द्या कुणीतरी.”

मी पिठाच्या हातानं अंधारात जिना चढले. वर गेले तर ऋतू काकीच्या कमरेला मिठी मारून उभी. दोघी रडत होत्या, आत्याबाई काठी टेकून दोघींच्या डोक्यावरनं हात फिरवत होत्या. ते पिप्-पिप् इंदापूरच्या अंगाला बारीक होत गेलं. माझे हात पिठाचे, कुणाला लावायचे? मी तशीच खाली आले. लाईट आल्यावर मांडववाल्याला शिव्या घालत बसले.

कोकरू दोन-अडीच वर्षं बोललं. ऋतूला त्याच कामावर बंगळुरूत नोकरी लागली, असली बारकी करणारी मंडळी आता पुष्कळ झालीत म्हणे. नोकरीचा फोनही काकीलाच आला आधी. मला “काकीनं सांगितलं का?” असा आला. आत्याबाईंचे गुडघे गेले, जिना सुटला. गच्चीवर अलका एकटीच जायची. भावजी, म्हणजे तिचा नवरा, भला माणूस, पण त्याला उसाच्या पाण्यापलीकडं काही ऐकू येत नाही. मग मीच कधीमधी चहा घेऊन वर जाऊ लागले. ती मला अँटेना धरायला द्यायची. मी धरला की खरखर, तिनं धरला की पिप्-पिप्. तेही माझ्याशी बोलायचं नाही बघा.

“खाली यायला लागलंय,” ती एकदा म्हणाली. “वर हवा पातळ असती, पण घासती. रोज इवलं इवलं खाली ओढती.”

“मग पडायचं कुठं?”

“पडत न्हाय. वरच्या वर जळून जातं. राखबी हितपतूर येत न्हाय.”

“बरं हाय,” मी म्हटलं. “मागं निस्तरायला काही नको.” ती हसली. पण मग शीळ घातली नाही तिनं.

तो दिवस आला तेव्हा ती कॉलेजातून लवकर आली. म्हणाली, आज ऐकू आलं तर आलं, नाहीतर नाहीच. मी दिवेलागणीला चहा घेऊन गेले. ती कठड्याशी उभी, गळ्यात रेडिओ, हातात तो जुना काटा. टेपवरचे आकडे उन्हानं पुसून गेलेले. मोरगावच्या अंगानं सुरू केलं. खरखर. डोक्यावर आणलं. खरखर. इंदापूरच्या अंगाला नेलं, पार खाली उसाच्या तुऱ्यांपर्यंत. पुन्हा मागं आणलं. तिच्या दंडाची शीर उभी राहिली होती. मी कप धरून उभी. चहावर साय आली.

तेवढ्यात माझ्या कमरेला फोन वाजला. ऋतू.

“आई,” म्हणाली, आणि पुढं बोलताच येईना तिला. “आई गं, गेलं. कुणालाच ऐकू आलं नाही, जपानवाल्या आजोबांनापण नाही.” हुंदके देत होती. लहान असताना गोठ्यातला बैल अंगावर धावला होता तेव्हा रडली होती, तशी. “आई, तू बोल काहीतरी.”

मी पाठ फिरवली आणि बोलायला लागले. काय बोलणार? जेवलीस का म्हटलं. म्हैस व्यालीय ते सांगितलं, रेडकू कसं धडपडतंय ते सांगितलं. आजी तुझ्या नावानं कोंबडीला हाक मारते ते सांगितलं. हळूहळू तिचे हुंदके उतरले. एकदा नाक ओढून हसलीसुद्धा. अलका असताना मला आलेला तो एवढा एकच पहिला फोन. मी त्यावर भरपूर बोलले.

“काकी आहे का गं जवळ?” ऋतूनं विचारलं. “दे ना तिला.”

“देते,” म्हटलं, आणि आणखी थोडं बोलले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं अलका भावाला भेटायला कळंबला गेली. मी धारेला बसले होते, जाताना मला दिसली नाही. तिथंच तिच्या छातीत कळ आली, बारामतीच्या दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचली नाही. माणसं म्हणतात, मी तिला शेवटचं बघितलं ते कळंबच्या अंगणात, तिला परत आणून ठेवली होती तेव्हा. मी तिकडं बघितलंच नाही नीट. मी बघितलं ते गच्चीवर, बोलून झाल्यावर फोन द्यायला वळले तेव्हा.

रेडिओ तिनं बंद केला होता. खरखर नव्हती, काही नव्हतं. आभाळात थोडा उजेड होता अजून. ती कठड्याला टेकून उभी होती, आणि हातातला काटा आभाळाकडं नव्हता. हळूहळू खाली आला असणार तो, तिच्या नकळत. त्या पुसलेल्या पट्ट्यांचं तोंड माझ्याकडं होतं, माझ्या कानाला लावलेल्या फोनाकडं, आणि मान जराशी कलती करून ती ऐकत होती.